पहिले तीन फेरे

पॉवर हाऊस, भिलाई
९ नोव्हेंबर

मामा,
सप्रेम जयभीम.

तुमाले पत्र लिहायचं म्हणून दसऱ्यालेच आंतरदेशीय आणून ठेवले होते. एकावर कॅरमचा स्कोअर लिहिला गेला, एकावर बबलूनं भजे खाल्ले. बाकीचे उशीखाली पडून होते आणि मी रोज म्हणून राहिलो, आज लिहितो, आज लिहितो. फोनवर तुमाले ऐकू आलं असतं तर कधीचंच सांगून मोकळा झालो असतो. पण इंजिनानं तुमचे कान खाल्ले, आणि मामी माझा निरोप तुमाले सांगते तेव्हा त्यात अर्धा तिचाच असते. म्हणून कागद.

रायपूरचं हॉटेल सोडलं. कावून सोडलं ते विचारू नका, भांडण लहानच होतं. निघालो होतो नागपूरले. गाडी पॉवर हाऊस स्टेशनात थांबली तर खिडकीतून बबलू दिसला, तोच, ज्याच्यासोबत मी आयटीआय सोडली. दोन शब्द बोलायले उतरलो. गाडी निघून गेली, पिशवीही गाडीतच गेली. म्हणून भिलाईत आहो.

बबलूनं नंदिनी रोडच्या आत बाबुलालच्या गॅरेजात लावून दिलं. बाबुलाल मले नावानं हाकच मारत नाही. ‘ए मराठी, पाना पकड़ना आता है कि खाली मुँह चलाना?’ मी म्हटलं दोन्ही येते. तर म्हणे, ‘एक टाइम पे एक चला.’

आता मेन गोष्ट. मागच्या शेडमध्ये एक मॉरिस मायनर उभी आहे. जुनी, विलायती, कैरीच्या गरासारखा रंग. पद्मनाभपुरात आनंदराव मेश्राम म्हणून राहायचे, स्टील प्लांटच्या मशीन शॉपमधून रिटायर झालेले, त्यांची. ते वारले. पोरगा सोनू बंगलोरले असते, त्याले विकून टाकायची आहे. तिचा गिअरबॉक्स उतरवून बाबुलालनं माझ्यापुढं ठेवला. ह्या बॉक्सचं शेपूट एका आडव्या पट्टीवर टेकते आणि खालून चार बोल्ट त्याले धरून ठेवतात. मामा, ते चारही बोल्ट मी बोटानं ओढले आणि बाहेर आले. पाना लागलाच नाही. बोल्टासोबत ऍल्युमिनियमची वेटोळी बाहेर आली, बारीक शेवेसारखी. भोकात आटे उरलेच नाहीत. इथं आट्याले चुडी म्हणतात.

आणि बोल्ट गाडीचे नाहीतच, प्लांटचे आहेत. इथं कोणाच्याही घरी जा, कूलर, पलंग, लेकराचा पाळणा, सगळं प्लांटच्या बोल्टावर उभं आहे. जुन्या तुपाच्या डब्यात भरून ठेवतात लोक, जसे काय शेंगदाणे.

बाबुलाल म्हणे पुट्टी भर, बोल्ट घाल, रंग मार. मी म्हटलं माझ्या मामाले विचारतो. ‘तेरा मामा इंजीनियर है?’ मी म्हटलं, ‘इंजीनियर नही, इंजन का डरावर है.’ तर हसला.

सांगा, काय करू.

तुमचा
प्रफुल


गोंदिया
१७ नोव्हेंबर

चि. प्रफुल,
जयभीम व आशीर्वाद.

पत्र मिळाले. पिशवी गाडीत गेली म्हणजे तुझ्या आईने विणलेला स्वेटरही गेला. तो विषय भेटीत काढीन.

तू जे लिहिलेस ते मी डोळे मिटून पाहू शकतो. विलायती गाडीचे आटे इंची. रशियन लोकांनी उभारलेल्या तुमच्या प्लांटातले बोल्ट मिलिमीटरचे. दोघे शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतात. मिलिमीटरचा बोल्ट इंची भोकात घाल, पहिले तीन फेरे तो हाताने जातो. मग जड होतो. ज्याला घाई असते त्याला वाटते, वा, घट्ट बसला. मग तो पाना लावतो आणि जोर करतो. बोल्ट पोलादाचा आणि भोक ऍल्युमिनियमचे, म्हणजे कोण मरणार ते ठरलेलेच. भिलाईतल्या शहाण्या माणसाकडूनच ही चूक होते, कारण चांगला बोल्ट त्याच्या घरात फुकट पडलेला असतो.

पुट्टीला हात लावायचा नाही. पुट्टी म्हणजे दात पडल्यावर तिथे चुना भरणे. तारेची कॉइल मिळते, बारीक स्प्रिंगसारखी. भोक थोडे मोठे करायचे, पण ड्रिल सरळ धर, वाकडे गेले तर सगळे गेले. मग कॉइलसोबत जो टॅप येतो, आटे पाडायचे हत्यार, तो फिरव. ऍल्युमिनियमला रॉकेल लाव. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, म्हणजे चुरा निघतो. घाई करू नकोस. कॉइल आत बसव, खालची शेंडी तोडून काढ. मग इंची बोल्ट. पाना हातात घेण्याआधी बोल्ट बोटांनी तळापर्यंत गेला पाहिजे. नाही गेला तर थांब.

तिचा हॉर्न वाजतो का? दुसऱ्या गिअरमध्ये कण्हते का? आतली सीट मूळची आहे की रेक्झिन चढवलेय? कळव. मी गोंदियाच्या शेडमध्ये क्लीनर लागलो तेव्हा आमच्या फोरमनसाहेबाकडे मॉरिस होती. ती पुसायचे काम माझे. बाहेरून.

आपले जावई नरेश दुर्गला बदलून आले आहेत. रीनाही तिथेच आहे. त्यांच्याकडे जेवायला जात जा. तिकीट तपासनीस पाहून पळायची तुझी सवय आहे, ते आपलेच आहेत.

तुझा
शेषरावमामा

(मामीकडून: प्रफुल, काय लिहिलं तू यांना? चार दिवसांपासून जेवताना हसतात. वरण संपलं तरी हात ताटातच. — राधामामी)


भिलाई
२ डिसेंबर

मामा,
जयभीम.

हॉर्न वाजते. म्हातारी कोंबडी ओरडल्यासारखा. सीट मूळची आहे, लाल, एका कोपऱ्यात उंदरानं खाल्ली. दुसऱ्या गिअरचं माहीत नाही, कारण बॉक्स अजून माझ्या पुढ्यातच आहे.

कॉइलसाठी पॉवर हाऊसची सगळी दुकानं पालथी घातली. सिविक सेंटरले गेलो, तिथं एक दुकानदार म्हणे, ‘कॉइल? मच्छरवाली?’ तिथून समोर पाणीपुरी खाल्ली, मग मैत्रीबागेत पांढरा वाघ पाहायले गेलो, वाघ झोपला होता. शेवटी बाबुलालच्या ओळखीच्यानं रायपूरहून आणून दिल्या, टॅपसकट. दोन भोकं झाली, मामा! तुम्ही सांगितल्यासारखी. रॉकेल लावलं, पुढं-मागं केलं. बोल्ट बोटानं तळापर्यंत गेला. असं वाटलं कोणी आतून हात धरून घेतला. मी तर चार वेळा काढला आणि चार वेळा घातला. बाबुलालनंही एकदा फिरवून पाहिला, म्हणजे आवडलं असन.

उरलेली दोन करायच्या आधी मधेच एक दिवस बबलूसोबत अहिवाऱ्याले गेलो. त्याले मोटरसायकल पाहायची होती. रस्त्यात चहा प्यायले थांबलो. मी आपला बोलून राहिलो, की मॉरिसवर काम करून राहिलो. चहावाल्या बाईनं चहाचं गंजच खाली ठेवलं. म्हणे, ‘हरियर वाली? डोकरा वाली?’ म्हणजे हिरवी, म्हाताऱ्याची.

मामा, आनंदराव बिमार होऊन नाही वारले. ह्याच गाडीत वारले.

बाईनं उठून दाखवलं. तिच्या टपरीपुढून रस्ता उतरते. डांबरावर एक लांब ओरखडा आहे, नांगरानं पाडल्यासारखा, मधातून सुरू होते आणि कडेले जाते. चारही बोल्ट एकदम सुटले आणि बॉक्सचं शेपूट खाली आलं. चाकांले फिरवते तो लांब दांडा रस्त्यात रुतला. त्यानं गाडी उचलून आडवी टाकली. समोरून चुनखडीचा ट्रक होता. म्हातारे हॉर्न वाजवत, हसत येऊन राहिले होते म्हणे, नातवासाठी जिलेबी घ्यायले थांबायचे तिथं. बाई म्हणे, आधी खालून आवाज येत होता, टक टक, तिनं ऐकला, हातही केला. त्यांले वाटलं ओळखीची आहे म्हणून हात करते. त्यांनीही केला.

बाबुलालले विचारलं तर म्हणे, ‘तेरे को किसने बोला घूमने को?’ समोरचा पत्रा, काच, सगळं नवीन रंगवून आधीच तयार ठेवलं आहे. सोनूनं सांगितलं म्हणे, घेणाऱ्याले हे काही सांगायचं नाही.

माझ्या हातात जे बोल्ट बोटानं निघाले ते तेच, रस्त्यावरून वेचून कोणी भोकात परत खुपसलेले. मी ते एका डब्यात टाकले, तर रात्रभर वाटलं डब्यात हलून राहिले. उद्या उरलेली दोन करतो. बबलू म्हणते उद्या भंडारा आहे, पण आधी हे.

प्रफुल


गोंदिया
८ डिसेंबर

चि. प्रफुल,
जयभीम.

सहा तारखेला विहारात मेणबत्त्या लावून आलो आणि तुझे पत्र पुन्हा वाचले. चहावालीची गोष्ट तुझ्या मामीला वाचून दाखवली नाही.

आनंदरावांना मी ओळखत नव्हतो. पण मशीन शॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस स्वतःच्या गाडीत प्लांटचा बोल्ट घालतो, तो जड होतो आणि तो जोर करतो, हे मला समजते. त्याला वाटले असेल, आपला बोल्ट आहे, आपला हात आहे. माझ्या नोकरीत मीही असे हात पाहिले आहेत.

त्या गाडीची चूक काही नाही. चांगल्या हाताने दुरुस्त झाली तर ती अजून वीस वर्षे चालेल. हे मी वारंवार स्वतःला सांगतो आहे. का, ते विचारू नकोस.

तुझ्यावर माझा जीव आहे म्हणून लिहितो. तू शाळा अर्धी सोडलीस, आयटीआय अर्धी सोडलीस, गोंदियाच्या घराला रंग द्यायला घेतलास तो अजून एका भिंतीवर आहे. दोन भोकांवर गाडी उभी राहते, पण उतारावर ती दोन भोकेही जातील. चारही झाली पाहिजेत. झाली की एक पोस्टकार्ड टाक. गप्पा नकोत, वाघ नको, पाणीपुरी नको. फक्त ‘झाले’ एवढा एकच शब्द लिही. तुझ्या त्या शब्दावर बरेच अवलंबून आहे.

शेषरावमामा


(पोस्टकार्ड)
भिलाई, १२ डिसेंबर

मामा, जयभीम.
झालं. चारही.
प्रफुल


गोंदिया
१८ डिसेंबर

प्रिय प्रफुल,
जयभीम.

कार्ड मिळाले. विहारातल्या धोंडबांना दाखवले, पोस्टमनला दाखवले. तुझी आई असती तर फ्रेम करून लावले असते. एवढे लहान पत्र तुझ्याकडून पहिल्यांदा आले आणि म्हणूनच मला ते खरे वाटले.

आता एक सांगतो. मी पस्तीस वर्षे गाडी चालवली, पण वळवली कधी नाही. रूळ जिकडे नेईल तिकडे गेलो. डोंगरगडनंतर बोरतलाव, मग दरेकसाचा घाट, जंगल, बोगदा. खिडकीतून खाली तो रस्ता दिसायचा, झाडांत शिरायचा, पुन्हा बाहेर यायचा. तुझी मामी तर माझ्यासोबत तिथून कधी गेलीच नाही. इंजिनात बायकोला बसवता येत नाही. मनात यायचे, एकदा त्या रस्त्याने जावे, वाटेल तिथे थांबावे, मामीने शिदोरी सोडावी.

नाताळ झाला की आम्ही जाणार आहोत. तिकडून इकडे, घाटातून, रस्त्याने. मी नवी टोपी घेतली. डॉक्टरने डोळे तपासून दिले, म्हणाला नजर तरुणाची आहे. कानाचे त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

बाकी भेटीत. तुझा चेहरा मला पाहायचा आहे.

शेषरावमामा

(मामीकडून: मी या गोष्टीला नाहीच म्हणत होते. रीनाही नाही म्हणत होती. पण तुझं कार्ड आलं. तू केलंस म्हटल्यावर मी हो म्हटलं. थंडीत अंगावर काही घेतोस ना? — राधामामी)


भिलाई
२७ डिसेंबर

मामा,
जयभीम.

तुमचं पत्र इथं येऊन पडलं होतं. मी नव्हतो. परवा आलो तेव्हा वाचलं आणि दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. आज सकाळी बाबुलाल चहाले गेला आहे, मी शेडच्या बाकावर बसून लिहून राहिलो. समोर मॉरिस उभी आहे, चार चाकांवर, धुतलेली.

मामा, झालं नव्हतं.

कार्ड लिहिलं तेव्हा मले खरंच वाटलं, संध्याकाळपर्यंत होणारच. ड्रिल लावून ठेवली होती. कार्ड टपालात टाकायले गेलो तर चौकात धुमालवाल्यांचा बँड उभा होता, राजनांदगावले वरात होती, त्यांचा एक लाइटवाला पळून गेला होता. बबलू म्हणे, चल, रात्रीतून वापस येऊ. तुमाले माहीत आहे धुमाल कसा वाजते, छातीत वाजते. राजनांदगावहून कवर्धा, कवर्ध्याहून बेमेतरा. लगीनसराई संपली तर गुरू घासीदासबाबांची जयंती आली, त्या मिरवणुका. मी डोक्यावर लाइट घेऊन चालत राहिलो. कधी कधी आठवे. मग मी मनात म्हणे, भोकं कुठं पळून जातात.

वापस आलो तर गाडी उभी. बाबुलाल म्हणे, ‘आ गए महाराज? तेरा काम मैंने कर दिया.’ मी खाली शिरून पाहिलं. माझी दोन भोकं तशीच आहेत, चांगली. उरलेल्या दोनात पुट्टी, आणि पुट्टीत बोल्ट. प्लांटचे. मी डब्यात टाकले होते तेच, मामा. घासून, काळा रंग मारून. वरून तर चारही सारखेच दिसतात.

मी म्हटलं हे चालणार नाही. तो म्हणे, ‘दो तेरे पक्के हैं ना? तो चलेगी. पार्टी को कौन सा पहाड़ चढ़ना है.’ मी गेलो होतो तेव्हा दुर्गचा कोणी रेल्वेवाला येऊन पाहून गेला, बयाना देऊन गेला. दुर्गात अर्धे लोक रेल्वेचेच. पण घेणारा तो नाही, कोणी महाराष्ट्रातला शौकीन म्हातारा आहे म्हणे. एकच गोष्ट विचारून गेला तो रेल्वेवाला, की काम प्रफुलनं केलं ना? बाबुलाल हसत मले सांगे, ‘देख, तेरा नाम हो गया.’ माझं नाव त्याले कसं माहीत ते मी विचारलं नाही. बबलू सगळीकडं सांगत फिरते.

काल बाबुलालसोबत चालवून पाहिली. सपाट रस्त्यावर लोण्यासारखी चालते. दुसऱ्या गिअरमध्ये थोडी कण्हते, तुम्ही विचारलं होतं. ओव्हरब्रिजवरून उतरलो तर खालून सुरू झालं. टक. मग काही नाही. मग टक टक. बाबुलालनं हॉर्न दाबला आणि बोलत राहिला. मी पायाखाली हात लावला, पत्रा थरथरत होता. ब्रिज संपला, आवाज थांबला.

मी स्वतःले समजावून राहिलो की जो घेईन त्याच्याही कानावर येईन. आवाज आला की माणूस थांबते, खाली वाकून पाहते. जुन्या गाडीचा शौकीन माणूस तर आवाजावरच जगते. एवढ्या आधारावर मी दोन दिवस जेवलो.

तुम्ही मामीले घेऊन घाटातून जाणार म्हणता. ट्रॅव्हल्सची गाडी केली का? चांगलं केलं. ड्रायव्हरले हळू चालवायले सांगा, दरेकसाले वळणं खराब आहेत.

मले एक सांगा मामा. उरलेल्या दोन कॉइल अजून माझ्या खिशात आहेत. राजनांदगाव, कवर्धा, सगळीकडं सोबतच होत्या. आज बॉक्स उतरवून पुट्टी खोदून काढली तर ती भोकं अजून वाचतात का? की आता त्याहून मोठं काही करावं लागन? बाबुलाल हाकलून देईन, देऊ दे. पार्टी आज-उद्यात येणार म्हणे. खरं तर मी आतापर्यंत जॅक लावून खाली शिरलो असतो. पण आधी तुमाले लिहावं वाटलं. माझं हे असंच आहे, हातात पाना पाहिजे तेव्हा पेन असते.

फाटकात ऑटो थांबला. पार्टीच असन. बाबुलाल चहा टाकून धावून राहिला. एक बाई उतरली, हातात शिदोरीची पिशवी, पदर डोक्यावर घेऊन गाडीकडं पाहून राहिली. मामीसारखीच उभी राहते. मागून काळ्या कोटातले नरेशभाऊजी.

मामा.

टोपी तुमाले चांगली दिसते. बाबुलाल काहीतरी ओरडून सांगून राहिला आणि तुम्ही मान हलवून राहिले. मामीनं मागचं दार उघडलं. तुम्ही चावी घेतली.

मी येऊन राहिलो, हा कागद घेऊन. हे वाचेपर्यंत चावी फिरवू नका.